मोहबाईला मी मारलं, मामाजी

प्रिय मामाजी,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहितात. पण तुम्ही मला कधी तुमच्या पाया पडू दिलं नाही. आपल्यात भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाच्याच्या पडतो. मला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून तुम्ही माझ्यासमोर वाकत आले. आज मी इथून वाकतो. आता कसे अडवाल?

मी लिहून राहिलो ते मामीमुळे. म्हणजे लिही असं काही ती म्हणाली नाही. मागच्या आठवड्यात, सर्वपित्रीला, मी तिच्याजवळ फोनवर एक गोष्ट कबूल केली. ती म्हणाली, "मले कायले सांगतेस? त्यायले सांग." आणि फोन कापला.

तुम्हाला सांगायचं कसं? तुमचा नंबर अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे, पण तो फोन आता मामीजवळ असते. अन् आवाजात बोलायला गेलो की माझ्या तोंडातून आपोआप गोड गोड निघते, हे मला आता समजलं. लिहिताना तसं होत नाही. सातवी सोडल्यापासून मी एवढं कधी लिहिलं नाही. एकेक अक्षर खोदून काढावं लागते. खोटं लिहायला एवढी मेहनत कोण करते?

तर ऐका. आपल्या गोष्टीचा भाग तिसरा तुमचा नव्हता, मामाजी. तो माझा होता. मी तो तुमच्या नावावर खपवला.

तुम्हाला आठवते ना, सुरुवात कशी झाली? गावचे सारे पोट्टे बाहेर निघून गेले होते. कोणी हैदराबादला, कोणी सुरतला, मी इकडे तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात. गावात उरलेल्या गुड्डूनं सगळ्यांचा मोबाईलवर ग्रुप बनवला आणि तुम्हालाही त्यात घेतलं. तुम्ही तलावाचे पाणकर. कोणाच्या धानाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते तुमच्या हातात, म्हणून गावातल्या पाण्याची खबर पोट्ट्यांना द्यावी, एवढाच त्याचा हेतू. एका रविवारी तुम्ही तलावाच्या बांधावर, पाळीवर बसून, ग्रुपवर आवाज भरून पाण्याची खबर दिली आणि पुढे सहज बोलले, "बरं, या तलावाखाली एक गाव आहे, ते मालूम आहे का तुम्हाले?"

बस्स! तिथून सुरू झालं. दर रविवारी "ऐका बे पोट्टेहो, जेवले का?" असा तुमचा आवाज यायचा आणि मागे पाळीवरचं वारं. आम्ही कोणी मशीनजवळ, कोणी संडासच्या लाईनीत, कान लावून उभे. तुमचा अंगठा बटणावरून सटकायचा आणि डोमा विहिरीच्या काठावर लटकलेला असतानाच आवाज बंद! गुड्डू म्हणायचा, "मामाजी जानबूझके करते है." तुम्ही जानबूझके करायचे का हो?

डोमा म्हणजे तुमच्या गोष्टीतला माती खोदणारा गडी. तलाव खोदता खोदता त्याला खालचं गाव सापडते. तिथली माणसं पाण्यात चालतात आणि हवेत बुडतात. तिथं जलराणीचं राज्य. आणि जादू! पण कशी जादू? डोमाला जादूनं जेवढी माती हलवायची असेल तेवढी आधी त्यानं टोपल्यानं हलवलेली असली पाहिजे. आधी घाम, मग मंतर. आम्ही वैतागलो होतो. गुड्डूनं विचारलंच, "मंग जादूचा फायदा काय जी मामाजी?"

"फायदा हा का दुसऱ्या दिवशी कंबर दुखत नाही."

किती हसलो आम्ही! इथल्या मद्रासी पोरांनी मला विचारलं काय झालं म्हणून. त्यांना जेवलास का हे 'साप्टिया' म्हणून विचारतात, तेवढंच मला येते. डोमाची कंबर त्यांना कशी समजावू?

आणि मोहबाई. पाळीवरच्या मोहाच्या झाडात राहणारी, एका गुडघ्यानं अधू, तोंडाची फटकळ. डोमाला शिव्या दिल्याशिवाय तिचा मंतर चालायचाच नाही. तिच्या हातची भाजी खाऊन राक्षसाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो रडत रडत रस्ता सोडून गेला, त्या दिवशी तर सगळ्या ग्रुपनं एकच लिहिलं, "मामीची भाजी!" मामीचा गुडघा, मामीचं तोंड, मामीची मिरची. कोणाला समजलं नव्हतं?

मामी ग्रुपवर नव्हती. पण तुम्ही बोलून झालं की ते बरोबर गेलं का हे पाहायला पुन्हा लावायचे, आणि ती चुलीजवळून ऐकायची. मागच्या दिवाळीत मी समोरच होतो. ती म्हणाली, "ते बाई लय तोंडाळ दाखवली जी तुमी."

तुम्ही म्हणाले, "तिच्याबिगर डोम्याचं पान हालत नाही, ते नाही आयकलं वाटते?"

मामीनं चुलीत लाकूड सारलं.  पण त्या दिवशी भाजीत मिरची कमी होती, मी शपथेवर सांगतो.

दुसऱ्या भागाच्या शेवटी डोमा खालच्या गावात अडकला. तलावाचं तोंड उघडल्याशिवाय तो वर येणार नाही आणि ते उघडायचं तर जादू पाहिजे. मग मोहबाई अधू गुडघ्यानं स्वतः माती वाहायला लागली. एक टोपलं पाळीवर टाकायची, डोमाला एक शिवी द्यायची, पुन्हा खाली. तिथं तुमचा अंगठा सटकला.

मग वैशाखात तुमच्या छातीत दुखलं आणि सगळंच सटकलं. मी गाडीत बसलो, गाडी बदलली, पुन्हा बदलली. घरी पोचलो तर तुम्हाला नेऊन झालं होतं, अंगणात फक्त आलेल्या लोकांच्या चपला होत्या.

तुमच्यावर थोडा राग आहे माझा, मामाजी. सांगू? काऊन शेवट सांगून नाही गेले? एखाद्याला तरी सांगायचं होतं! मला नाही तर गुड्डूला, नाही तर बकरीला. तुम्ही तो कोणाला सांगितला नाही, म्हणून माझं तोंड उघडलं. पाहा, अजूनही माझं पाप मी तुमच्याच अंगावर ढकलून राहिलो.

आता तेरवीचं सांगतो. भाचदान होतं. मला पाटावर बसवलं, नवं धोतर दिलं, ताट-लोटा दिला. एकामागून एक सगळे माझ्या पाया पडले. पांढऱ्या केसांचे लोक! त्या दिवशी भाचा म्हणजे देवाच्या जागी. मामीही आली. तिला वाकता येत नव्हतं, तरी भिंतीला हात धरून वाकली.

जेवणं झाल्यावर गुड्डू म्हणाला, "होमेश, मामाजीनं तुले तं पुढचं सांगितलं असल?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी "नाही" म्हणणारच होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मामी दारातून म्हणाली, "सांगितलं असल. भाच्याले नाही तं कोणाले सांगतील?"

आणि मी म्हणालो, "हो. सांगितलं."

मामीचा चेहरा तेरा दिवसांत पहिल्यांदा जरा उघडला, मामाजी. तो पाहून मी अजून पुढे गेलो. म्हणालो, "पूर्ण सांगितलं. शेवटपर्यंत." कोणी एकानंही विचारलं नाही, कधी सांगितलं रे, कुठे सांगितलं? नवं धोतर नेसून पाटावर बसलेल्या भाच्याला असं कोण विचारेल? दुसरा कोणी असता तर त्याची उलटतपासणी झाली असती. माझा शब्द तिथल्या तिथे खरा झाला.

खोट्याचं सांगून झालं, आता वाईट गोष्टीचं सांगतो. त्याची लाज वेगळी आहे.

तिरुपूरला आल्यावर ग्रुपवर रोज मागणी. "होमेश, टाक ना बे." मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या गच्चीवर गेलो, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो आणि सुरू झालो. "मामाजीनं मला सांगितलं तसं सांगतो." तुमच्यासारखंच खाकरलोसुद्धा.

मी विचार केला होता का? एक मिनिटही नाही. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. एका कामावर माझं बूड टिकत नाही. विटांचं सोडलं, हॉटेलचं सोडलं, गोंदियाचं दुकान सोडलं, आता इथे बनियनच्या घड्या घालून राहिलो आणि हेही कधी सोडीन माहीत नाही. मला वाटलं, घाम तर मी इथे रोज गाळतो, मग गोष्टीतही टोपली कायले वाहायची? म्हणून डोमाला मी एक लाल खडा दिला. तो तोंडात धरला की काहीही होते. मग काय! डोमा उडाला. डोमाच्या बोटातून जाळ निघाला. राक्षसांचे ढीग पडले. मोबाईलवर मी जे जे पाहिलं ते सगळं त्यात घातलं.

आणि मोहबाई? ती माती वाहत होती, आणि मला तिचा कंटाळा आला. खरं सांगतो, कंटाळा. तिचं काय करायचं ते सुचत नव्हतं. मी म्हणालो, "मग तलावाची भिंत पडली आणि मोहबाई तिच्याखाली गेली. डोमाला दुःख झालं. पण त्याला पुढे जायचं होतं." एवढंच! तुम्ही तिला दोन भाग उभं केलं, आणि मी तिला अर्ध्या दमात गाडलं.

पुढे डोमानं जलराणीशी लग्न केलं. त्यांना सूर्यासारखा मुलगा झाला. समाप्त. मी गच्चीवरून खाली उतरलो तेव्हा मला वाटलं, जमलं.

जमलं कुठचं!  ग्रुपवर एक आला, "डोमा उडाले कधी शिकला बे?" दुसरा, "मामाजीचा डोमा घाम गाळे. हा तं नुसतं बोट दाखवते." सुरतवाल्यानं लिहिलं, "सच बोलू, मजा नाही आया." गुड्डूनं लिहिलं, "बिमार होते ना, डोकं चाललं नसल त्यायचं. मामाजी आखरी में थक गये थे यार."

थकले होते! तुम्ही! मरायच्या आदल्या दिवशी पाळीचा फेरा मारलेला माणूस!

आणि मी खाली काय लिहिलं, मामाजी? हे लिहिताना माझे कान तापून राहिले. मी लिहिलं, "हो ना. थकले होते."

माझी गोष्ट पडली आणि मी ती तुमच्या अंगावर पडू दिली. पण हे तरी पोट्ट्यांचं झालं. हसून सोडून दिलं असतं. मी विसरलो होतो की तुमचा फोन मामीजवळ आहे आणि त्यात ग्रुप आहे.

धानाच्या लावणीचे रोवणे चालू होते तेव्हा तिचा फोन आला. ती आपणहून कधी करत नाही. म्हणाली, "होमेश बाबू, एक इचारू का?"

"इचार ना मामी."

"ते मोहबाई मरते, तेव्हा डोमा मांगं पायते का?"

मी विचार केला. "नाही पायत."

"नाही पायत," ती म्हणाली. मागे चिखलातल्या बायांची गाणी ऐकू येत होती. "अन् मंग त्याले पोरगा होते."

"हो."

"त्यायले लय वाटे का रे, पोरगा असावा म्हणून? तुले बोलले का कधी?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. किती उशिरा! आपल्या घरातली एवढी मोठी गोष्ट मला गोष्ट बनवताना आठवली नाही. मी लहान होतो, पण मला सगळं माहीत होतं. तुम्हाला मूल झालं नाही. दरेकसा गावाकडचे पाहुणे तुमच्यासाठी दुसरी पोरगी सांगून आले होते. आणि त्यात सगळ्यांत पुढे होती माझी आई, तुमची सख्खी बहीण. "वंश कसा चालल रे भाऊ?" म्हणून रडलीसुद्धा. मामी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होती. सगळ्यांना माहीत होतं तिला ऐकू जाते म्हणून, तरी कोणी आवाज हळू केला नाही.

तुम्ही खांद्यावर फावडं टाकलं आणि म्हणाले, "घरात एक आहे, तिलेच माझं पुरून उरते." आणि पाळीवर निघून गेले. पाहुण्यांचा चहासुद्धा अर्धा राहिला.

त्या एका वाक्यावर मामी इतकी वर्षं जगली असेल, नाही? आणि मी गच्चीवर बसून ते पुसून टाकलं. मी तिला सांगितलं की तुमच्या मनात खरं काय होतं. तिला गाडायचं, राणी करायची, पोरगा काढायचा, मागे वळून पाहायचं नाही. तेही तुमच्या तोंडून! तेही मरताना!

तिथेच सांगायला पाहिजे होतं ना? मी काय बोललो? "गोष्टच आहे मामी. गोष्टीत असं राहतेच."

"हो," ती म्हणाली. "गोष्टच आहे." मग विचारलं, "जेवला का?"

माझं जेवण झालं का हे ती त्याही वेळी विचारते. मी मात्र त्यानंतर तिला फोन करायचंच टाळलं. काम आहे, ओव्हरटाईम आहे. स्वतःलाही हेच सांगत होतो.

सर्वपित्रीला आईनं सांगितलं म्हणून फोन केला. विचारायचं म्हणून विचारलं, "मामाजीचं पान वाढलं का मामी?"

"नाही वाढलं."

"काऊन?"

"ज्याले पोरगा पायजे होता, त्याचा पोरगा वाढल."

मामाजी, तुमचं पहिलं सर्वपित्रीचं पान, आणि ते वाढलं नाही. कावळे सगळ्यांच्या अंगणात उतरले असतील, तुमचं सोडून. आणि ते पान मी अडवलं होतं, इथे दोन दिवसांच्या वाटेवर बसून. माझ्या हातातल्या बनियनची घडी मोडली. सुपरवायझर ओरडला. मी बाहेर आलो आणि एका दमात बोललो, "मामी, भाग तिसरा मामाजीचा नाही. मी बनवला. मामाजीनं मला काहीच सांगितलं नव्हतं."

 

मग ती म्हणाली, "तेरवीले तू पाटावर बसला होता."

"हो."

"मी तुझ्या पाया पडली."

"हो मामी."

"एवढे महिने मी मेल्या माणसावर रुसून राहिली, होमेश." बाबू नाही म्हणाली. पहिल्यांदा. "लय बोलली मी त्यायच्या फोटोले. त्यायले उलटून बोलताबी येत नाही."

मी म्हणालो, मामी, माफ कर. तेव्हा ती ते बोलली. मले कायले सांगतेस, त्यायले सांग.

म्हणून हे सांगणं. माफी मागायची कशी, मला माहीत नाही. तुमचं नाव खराब केलं, ते एक वेळ धुता येईल. पण तिचा तुमच्यावरचा रुसवा? ज्या महिन्यांत तिनं तुम्हाला आठवून रडायचं होतं, त्या महिन्यांत ती तुमच्याशी भांडत होती. ते महिने मी कुठून आणून देऊ?

अजून एक सांगायचं राहिलं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गुड्डूचं मंडळ दंडारीचं नाटक बसवून राहिलं. भाग तिसरा! मी त्याला म्हणालो, "अबे पण तुमीच तं म्हणत होते जमला नाही म्हणून." तर म्हणते, "गोष्ट कमजोर आहे, पण मारामारी भरपूर आहे. दंडारीले तेच लागते." बॅनर छापून झालं म्हणे. 'स्व. बिसराम मामाजी यांची अखेरची जादूकथा.' मोहबाईचं सोंग गुड्डू स्वतः घेणार आहे, लुगडं नेसून, लंगडत, म्हणजे लोक हसतील. तिच्यावर थर्माकोलची भिंत पडणार. आणि त्याच्या आधी मामीला शाल देऊन सत्कार, आणि पहिल्या लाईनीत खुर्ची.

कल्पना करा, मामाजी! पहिल्या लाईनीत!

मी गुड्डूला म्हणालो, नको करू. तो म्हणाला, "काऊन?" मी म्हणालो, "असंच." असंच! मामीजवळ बोललो, पण गुड्डूजवळ जीभ पुन्हा चिकटली. गावभर होईल. होमेशनं तेरवीच्या पाटावर बसून खोटं सांगितलं. लोक आईला बोलतील. माझ्या मागे कोण काय बोलेल याची मला एवढी भीती, आणि तुमच्या मागे बोलले त्याला मी "हो ना" लिहून मोकळा झालो.

इथपर्यंत लिहून मी थांबलो होतो. हे पुढचं आज लिहून राहिलो. आज सकाळी मामीचा फोन आला.

"सांगितलं का त्यायले?"

"लिहून राहिलो."

"लिहून? तू?" मग म्हणाली, "किती झालं?"

"चार पानं."

"बापा! सातवीत एवढं लिहिलं असतं तं मास्तर झाला असता."

मी हसू का नको, मला समजेना. ती हसली नव्हती. मग तिनं विचारलं, "मंग खरं काय होतं? मोहबाईचं?"

मामाजी, माझ्या जिभेवर आलं होतं. सगळं तयार होतं, कधी तयार झालं तेही समजलं नाही. मोहबाईची सगळी टोपली वाहून पुरी होतात, तलावाचं तोंड उघडते, डोमा वर येते, राणीकडे पाहतसुद्धा नाही, सरळ मोहबाईच्या हातातलं टोपलं घेते. मी हे बोललो असतो तर तिनं मानलं असतं. तिला मानायचंच होतं. ती वाट पाहत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. आणि तुमच्या मनात तेच असेल, अशी माझी खात्रीही आहे. एक गोड शब्द आणि तिचं सगळं दुःख गेलं असतं.

मी म्हणालो, "मले माहीत नाही मामी. मामाजीनं नाही सांगितलं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"खरंच?"

"खरंच."

तिनं लांब श्वास सोडला. मला वाटलं आता रडेल. तर म्हणाली, "बरं. मंग तिले तसंच राहू दे. टोपलं डोक्यावर घेऊन. मरण्यापेक्षा बरं आहे."

आणि म्हणाली, "मंडईच्या आंधी येजो. गुड्डूले माझ्यासमोर सांगजो. फोनवर नोको." माफ केलं असं ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तर मामाजी, मी येऊन राहिलो. दिवाळीला सुट्टी मागितली आहे, नाही दिली तर काम सोडीन. हे एक काम सोडताना मला पहिल्यांदा कारण सांगता येईल. गुड्डूला मामीच्या अंगणात उभं करून सांगीन. मग मंडईत, दंडारीच्या जागेवर, सगळ्यांसमोर सांगीन की पहिले दोन भाग बिसराम पाणकराचे, आणि तिसरा होमेशचा, आणि तो वाईट आहे. हसू दे. बॅनर मी माझ्या हातानं उतरवीन. यापुढे कोणाच्या भाचदानाला मला पाटावर बसवलं नाही, तरी चालेल.

आणि हा शब्द देतो. तुमच्या तोंडी माझा एकही शब्द पुन्हा घालणार नाही. कितीही गोड असला तरी नाही. कोणी विचारलं, डोमाचं पुढे काय झालं, तर म्हणीन, मामाजीनं सांगितलं नाही, आणि मला येत नाही. हे म्हणताना दर वेळी लाज वाटेल. वाटू दे, मामाजी.

भाग तिसरा ज्याचा आहे तो,
तुमचा भाचा
होमेश
तिरुपूर